झांकणावरील नांव आणि आंतील यंत्र

घरांत एखादें टिकाऊ यंत्र आणावयाचें झालें म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो नांवाचा. घड्याळ कोणाचें, शिवणयंत्र कोणाचें, सायकल कोणत्या कारखान्याची, हें विचारून मगच किंमत विचारण्याची आपल्याकडील जुनी चाल आहे, आणि ती निरर्थक नाहीं. ज्या वस्तूचें अंतरंग गिऱ्हाइकाला उघडून पाहतां येत नाहीं, तिच्या बाबतींत करणाराची कीर्ति हीच काय ती हमी असते. लॅपटॉप घेतांनाही हाच प्रश्न विचारला जातो : कोणत्या कंपनीचा घ्यावा, आणि त्यावर विंडोज असावें, ॲपलची मॅक असावी कीं लिनक्स? परंतु घड्याळ बंद पडलें तर वेळ कळत नाहीं, एवढेंच. लॅपटॉप बंद पडला तर मुलाचा प्रबंध, घराचे हिशेब, वीस वर्षांचीं छायाचित्रें आणि दिवंगत माणसांचे आवाजसुद्धां त्याबरोबर जाऊं शकतात. म्हणून या प्रश्नाचें उत्तर जाहिरातींत शोधण्यापेक्षां या यंत्राच्या इतिहासांत शोधणें अधिक हिताचें आहे.

मांडीवर घेऊन बसतां येईल अशा संगणकाची कल्पना यंत्राच्या आधीं जन्मली. अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत काम करणारे ॲलन के यांनीं १९७२ सालीं एका निबंधांत मुलांच्या हातीं देण्याजोग्या, वहीएवढ्या संगणकाचें चित्र रेखाटलें आणि त्याला ‘डायनाबुक’ असें नांव दिलें. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. तें पुढें एका निराळ्याच संदर्भांत भेटणार आहे. प्रत्यक्षांत मात्र पहिलीं यंत्रें वहीसारखीं नव्हतीं, तीं ट्रंकेसारखीं होतीं. १९८१ सालचें ‘ऑस्बोर्न १’ अकरा किलो वजनाचें होतें, त्याचा पडदा अवघा पांच इंचांचा होता, आणि विजेची तार जोडल्यावांचून तें चालत नसे. ज्यांच्या नांवानें तें विकलें गेलें त्या ॲडम ऑस्बोर्न यांचें बालपण तमिळनाडूंत गेलें होतें, आणि २००३ सालीं त्यांचा अंत कोडाईकनाल येथेंच झाला. त्यांची कंपनी मात्र १९८३ सालींच दिवाळ्यांत निघाली होती. १९८२ सालीं आलेलें ‘ग्रिड कंपास’ हें यंत्र याच्या उलट टोकाचें. बिल मॉगरिज यांनीं आंखलेल्या त्याच्या मॅग्नेशियमच्या पेटीचें झांकण वर उचललें कीं पडदा दिसे; आजच्या प्रत्येक लॅपटॉपची घडी त्याच बिजागरीवर फिरते. तें अमेरिकेच्या अंतराळयानांतूनही गेलें. पण त्याची किंमत होती ८,१५० डॉलर. उत्तम वस्तु बनवितां येते, हें ग्रिडनें सिद्ध केलें. ती सामान्य घराला परवडेल अशी बनवितां येते, हें सिद्ध व्हावयाचें होतें.

परवडण्याचा मार्ग निघाला तो एका करारांतून. ऑगस्ट १९८१ मध्यें आय. बी. एम. या बलाढ्य कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला. संगणकाच्या सर्व भागांना कामाला लावणारी, प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामध्यें बसून दोहोंचा कारभार पाहणारी जी व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. ही कार्यप्रणाली आय. बी. एम.नें स्वतः केली नाहीं. मायक्रोसॉफ्ट या त्या वेळच्या लहानशा कंपनीकडून घेतली, आणि ती इतरांसही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टनें आपल्याकडे राखून ठेविला. पुढें कॉम्पॅक कंपनीनें आय. बी. एम.च्या यंत्रांतील एकमेव जपलेला भाग, म्हणजे यंत्र सुरू होतांच जागा होणारा मूळ प्रोग्राम, नक्कल न करतां नव्यानें लिहून काढला, आणि १९८३ सालीं तेच प्रोग्राम चालविणारें, उचलून नेतां येणारें यंत्र विकावयास आणलें. त्या दिवसापासून संगणकाचें शरीर एकाचें आणि मन दुसऱ्याचें, अशी वांटणी झाली. १९८५ सालीं जपानच्या तोशिबा कंपनीनें चार किलोंच्या घरांत बसणारा, बॅटरीवर चालणारा ‘टी ११००’ काढला, आणि या वांटणीचें फळ खऱ्या अर्थानें मांडीवर आलें.

या वांटणीनें दोन गोष्टी केल्या. स्पर्धा वाढली, किंमती उतरल्या, आणि संगणक मध्यमवर्गाच्या घरांत शिरला, ही पहिली. दुसरी तितकी गाजली नाहीं : यंत्र बिघडलें तर दोष कोणाचा, हें सांगतां येईनासें झालें. पेटी करणारा कार्यप्रणालीकडे बोट दाखवी, कार्यप्रणाली करणारा एखाद्या तिसऱ्याच कंपनीनें केलेल्या सुट्या भागाकडे. गिऱ्हाईक मधल्यामध्यें उभें राही.

ॲपल कंपनीनें ही वांटणी नाकारली. शरीर आणि मन एकाच घराण्यांत ठेवावें, म्हणजे दोहोंचा मेळ बसेल आणि जबाबदारीही एकाचीच राहील, हें तिचें तत्त्व. तत्त्व चांगलें होतें. पण तेवढ्यानें वस्तु चांगली होतेच असें नाहीं. १९८९ सालचा ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ सात किलोंहून जड होता, त्याची किंमत सहा हजार डॉलरांच्या वर होती, आणि त्याची शिशाची बॅटरी पूर्ण उतरली तर विजेची तार जोडूनही तो सुरू होत नसे. ॲपलनें ही चूक ओळखली, आणि १९९१ सालीं ‘पॉवरबुक’ ही मालिका आणली. कळफलक मागें सरकवून पुढें तळहात टेकावयास जागा ठेवण्याची तिची युक्ति पुढें सर्वांनींच उचलली. पण गंमत अशी कीं, त्या मालिकेंतील सर्वांत लहान ‘पॉवरबुक १००’ घडविला होता सोनी कंपनीनें. चार वर्षांनीं, १९९५ मध्यें, ‘पॉवरबुक ५३००’ मधील नव्या लिथियम बॅटऱ्यांनीं पेट घेतल्याच्या घटना घडल्या. दुकानदारांकडे गेलेले संच परत बोलावण्यांत आले आणि कमी शक्तीच्या जुन्या धर्तीच्या बॅटऱ्या बसविण्यांत आल्या. एका घराण्याचा अभिमान बाळगणाऱ्या यंत्राच्याही पोटांत परक्याचें काळीज होतें.

टिकाऊपणाची कीर्ति ज्या यंत्रानें खरोखर मिळविली तें आय. बी. एम.चें ‘थिंकपॅड’. १९९२ सालीं आलेल्या त्याच्या ‘७०० सी’ या नमुन्याची काळी चौकोनी घडी रिचर्ड सॅपर या जर्मन आरेखकानें जपानी जेवणाच्या डब्यावरून सुचविली होती. कळफलकाच्या मधोमध असलेली लाल खुंटी टेड सेल्कर यांची. जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेंत अरिमासा नायतो यांच्या देखरेखीखालीं हें यंत्र घडलें. प्रवासी माणूस यंत्र आपटणार, त्यावर चहा सांडणार, एका कोपऱ्याला धरून तें उचलणार, हें गृहीत धरून त्याची आंखणी होत गेली. गुणवत्ता म्हणजे चकचकीतपणा नव्हे. वापरणाराच्या निष्काळजीपणाचा आधींच केलेला विचार म्हणजे गुणवत्ता, हा धडा थिंकपॅडनें घालून दिला.

आणि मग तें नांवच विकलें गेलें. डिसेंबर २००४ मध्यें जाहीर होऊन मे २००५ मध्यें पुऱ्या झालेल्या व्यवहारानें आय. बी. एम.चा वैयक्तिक संगणकांचा सारा धंदा चीनमधील लेनोवो कंपनीकडे गेला. त्या दिवशीं अनेकांनीं थिंकपॅडचे दिवस भरले असें मानलें. पण यामातोची मंडळी, खुद्द नायतो यांच्यासह, नव्या धन्याकडेही तेंच काम करीत राहिली, आणि थिंकपॅडचें नांव बुडालें नाहीं. ज्या हातांना वस्तु घडविण्याची संवय आहे ते हात टिकले, तर मालक बदलूनही गुण टिकतो. ते हात विखुरले, तर मालक तोच असूनही गुण जातो.

तरीही या हातांच्या मागें आणखी हात होते, आणि ते गिऱ्हाइकाला दिसत नव्हते. शतकाच्या अखेरीपर्यंत लॅपटॉप घडविण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर तैवानमधील कंपन्यांकडे गेला होता. १९८४ सालीं निघालेली कॉम्पाल, १९८८ सालीं निघालेली क्वांटा, आणि एसरमधून २००१ च्या सुमारास वेगळी झालेली विस्ट्रॉन या कंपन्यांचीं नांवें झांकणावर कोठेंच नसतात. पण ज्यांचीं नांवें झांकणावर असतात अशा एकमेकींच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीं यंत्रें घडतात तीं यांच्याच कारखान्यांत. बाजारांत जे हाडवैरी, ते कारखान्यांत शेजारी.

या शेजाराची किंमत २००६ सालीं जगाला कळली. त्या वर्षाच्या ऑगस्टमध्यें डेल कंपनीनें ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. दहा दिवस उलटले नाहींत तोंच ॲपलनें १८ लाख मागविल्या. सप्टेंबरांत लेनोवो आणि आय. बी. एम. यांनीं ५ लाख २६ हजार. या सर्व बॅटऱ्यांचे घट सोनीच्या कारखान्यांतले होते. घट बनवितांना आंत राहिलेले धातूचे सूक्ष्म कण आंतल्या आंत जोड घडवीत, बॅटरी तापे आणि क्वचित् पेट घेई. वर्षअखेर अशा परत मागविलेल्या बॅटऱ्यांची संख्या सुमारें ९६ लाखांवर गेली. डेल चांगला कीं ॲपल, या वादांत ज्यांनीं तास घालविले होते त्यांच्या मांडीवर एकच निखारा होता! दोन वर्षांनीं, जुलै २००८ मध्यें, चित्रें उमटविणाऱ्या चिपा करणाऱ्या एन्व्हिडिया कंपनीनें आपल्या लॅपटॉपमधील कांहीं चिपांच्या आवरणाचें साहित्य कमकुवत असल्याचें मान्य करून १५ ते २० कोटी डॉलर त्यासाठीं बाजूस काढले. यंत्र तापून पुन्हां थंड होण्याच्या रोजच्या चक्रानें ते सांधे निखळत. त्या चिपा एच. पी., डेल आणि ॲपल या तिघांच्याही यंत्रांत होत्या.

आतां कार्यप्रणालीकडे वळावें. नव्वदीच्या दशकांतील विंडोज आणि जुनी मॅक या दोहोंचा दोष पुष्कळसा एकच होता. एका प्रोग्रामनें दुसऱ्याच्या स्मृतींत पाय ठेवूं नये, यासाठीं लागणाऱ्या भिंती तेथें पुरत्या बांधलेल्या नव्हत्या. भिंती नसलेल्या एकाच मोठ्या खोलींत दहा बिऱ्हाडें राहावीं, आणि एकाच्या चुलीची ठिणगी उडून साऱ्यांचें अंथरूण जळावें, तसा तो प्रकार. लिहितां लिहितां पडदा गोठणें, आणि न जपलेला मजकूर जाणें, हा त्या काळच्या वापरणारांचा नित्याचा अनुभव. मायक्रोसॉफ्टनें डेव्ह कटलर यांच्या हाताखालीं भक्कम भिंतींची ‘एन. टी.’ ही प्रणाली १९९३ सालींच सिद्ध केली होती. पण ती घरगुती यंत्रांत आली २००१ मध्यें, ‘एक्स. पी.’ या नांवानें. ॲपलचा स्वतःची नवी प्रणाली रचण्याचा बेत १९९६ सालीं फसला. तेव्हां स्टीव्ह जॉब्स यांची नेक्स्ट कंपनी विकत घेऊन, तिच्या युनिक्सच्या पायावर उभारलेली ‘मॅक ओ. एस. एक्स’ ॲपलनें मार्च २००१ मध्यें आणली. म्हणजे दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या घरांत भिंती उभ्या राहिल्या त्या एकाच वर्षीं.

तिसरा पंथ लिनक्सचा. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें तो सुरू केला. त्याची आंतील रचना कोणासही वाचावयास खुली असल्यामुळें हजारों जाणकारांनीं ती तपासली, दुरुस्त केली, आणि जगांतील मोठमोठ्या संगणकशाळा तिच्यावर विसंबूं लागल्या. लॅपटॉपवर मात्र तिला अनेक वर्षें ठेंचा लागल्या. झांकण मिटल्यावर यंत्रानें झोंपावें आणि उघडल्यावर जागें व्हावें, बिनतारी जोडणी चालावी, या साध्या गोष्टींसाठीं सुट्या भागांची माहिती लागते, आणि ती भाग करणारे देत नसत. २००७ सालीं डेलनें कांहीं यंत्रांवर लिनक्स स्वतःच भरून विकण्यास आरंभ केला, तेव्हां कुठें यंत्र आणि प्रणाली यांची भेट कारखान्यांतच होऊं लागली.

कार्यप्रणालीच्या माथीं मारला जाणारा दोष नेहमीं तिचाच असतो असेंही नाहीं. २००७ सालीं नव्यानें आलेल्या ‘व्हिस्टा’ या विंडोजला वापरणारांनीं मनसोक्त शिव्या दिल्या. पुढें एका खटल्यांत मायक्रोसॉफ्टचीं जीं कागदपत्रें उघड झालीं, त्यांत त्या वर्षांतील कांहीं काळच्या नोंदलेल्या बिघाडांपैकीं सुमारें २९ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळें, म्हणजे सुटा भाग आणि प्रणाली यांच्यामधील दुभाषी प्रोग्रामांमुळें, झाल्याचें दिसलें. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या वांट्याला सुमारें १८ टक्के होते. याच जातीची, पण कितीतरी मोठी घटना १९ जुलै २०२४ रोजीं घडली. क्राउडस्ट्राइक या संरक्षक प्रोग्राम करणाऱ्या कंपनीनें पाठविलेल्या एका सदोष सुधारणेनें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज-यंत्रें एकदम निळीं पडलीं. विमानें खोळंबलीं, भारतांतील विमानतळांवर हातानें लिहिलेले प्रवासपत्र देण्याची पाळी आली. पहारेकऱ्यालाच घराच्या माजघरापर्यंत मुभा दिली, आणि त्याचाच पाय घसरला.

मराठी घराला विश्वासार्हतेचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. एका यंत्रावर लिहिलेलें मराठी दुसऱ्या यंत्रावर मराठीच दिसावें, ही साधी अपेक्षा कित्येक वर्षें पुरी होत नव्हती. प्रत्येक अक्षरसंचाची सांकेतिक व्यवस्था निराळी. तो संच नसलेल्या यंत्रावर पत्र उघडलें कीं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें भारतीय लिप्यांसाठीं बरेंच काम केलें. जागतिक ‘युनिकोड’ संकेतांत देवनागरीला १९९१ सालीं स्थान मिळालें. आणि विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनीं घडविलेला ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच घरोघर पोंचला. त्यापूर्वींचे कित्येक लेख आज यंत्रें धडधाकट असूनही वाचतां येत नाहींत. कागद शाबूत आणि अक्षर परागंदा, असा हा नाश आहे. आणि तो कोणत्याही हमीपत्रांत मोडत नाहीं.

मग एका कंपनीचें यंत्र दुसरीपेक्षां अधिक टिकतें, हें खोटेंच काय? अगदींच खोटें नव्हे. नोव्हेंबर २००९ मध्यें स्क्वेअरट्रेड या दुरुस्तीची हमी विकणाऱ्या अमेरिकन कंपनीनें तीस हजारांहून अधिक लॅपटॉपांचे हिशेब प्रसिद्ध केले. तीन वर्षांत शेंकडा सुमारें ३१ यंत्रें निकामी होतात. त्यांतील सुमारें २० यंत्रदोषानें आणि बाकीचीं पडून अथवा पाणी सांडून, असा तिचा निष्कर्ष. यंत्रदोषांत असूस आणि तोशिबा यांचें प्रमाण सर्वांत कमी, शेंकडा १६ च्या आंत, ॲपल १७.४, डेल १८.३, लेनोवो २१.५, एच. पी. २५.६. फरक आहे, आणि तो लहान नाहीं. पण नीट पाहिलें तर या आंकड्यांतून दोन गोष्टी निघतात. सर्वांत महाग तें सर्वांत टिकाऊ ठरलें नाहीं. आणि सर्वांत चांगल्या नांवाच्या यंत्रांपैकींही सहा-सातांतलें एक तीन वर्षांत बिघडणारच होतें. ज्याच्या वांट्याला तें एक येतें, त्याला सरासरीचें समाधान काय होणार?

शिवाय नांव तेंच असलें तरी नमुना निराळा असतो. ॲपलनें २०१५ सालीं अतिशय पातळ असा फुलपाखरी कळफलक आणला. धुळीच्या एका कणानें कळ रुसावी, अशा तक्रारी येऊं लागल्या. २०१८ सालीं कंपनीनें फुकट दुरुस्तीची योजना जाहीर केली, नोव्हेंबर २०१९ मध्यें जुनी रचना परत आणण्यास आरंभ केला, आणि २०२२ सालीं गिऱ्हाइकांच्या खटल्यांत ५ कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. त्याच कंपनीनें नोव्हेंबर २०२० मध्यें स्वतःच्या ‘एम १’ प्रोसेसरचीं यंत्रें आणलीं, आणि त्यांनीं थंडपणानें चालण्याचा व बॅटरी पुरविण्याचा नवा मानदंड घालून दिला. नांव एकच, मधलीं वर्षें फार थोडीं. २०१६ च्या अनुभवावरून २०२० चें यंत्र टाळणारा जितका चुकला असता, तितकाच पूर्वकीर्तीवर विसंबून २०१६ चें घेणारा चुकला.

परिस्थितीप्रमाणें कसोटीही बदलते. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील कर्जतजवळच्या खैरात येथील लहानशा शाळेंत मुलांना ‘एक्स. ओ.’ नांवाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यांत आले. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचीं तीं यंत्रें क्वांटानेंच घडविलेलीं होतीं, आणि त्यांवर लिनक्स होतें. फिरती तबकडी नाहीं, धूळ आंत जाऊं नये म्हणून कळफलक रबरानें मढविलेला, उन्हांतही वाचतां येईल असा पडदा. वेगाच्या शर्यतींत तें यंत्र शेवटचें आलें असतें. पण ज्या अंगणांत तें वापरावयाचें होतें, त्या अंगणाचा विचार त्यांत होता.

अलीकडे आयुष्य ठरतें तें आणखी एका गोष्टीनें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें दहा वर्षांपूर्वीं आलेल्या ‘विंडोज १०’ चें नियमित साहाय्य थांबविलें. पुढील ‘विंडोज ११’ च्या अटींत सुमारें २०१८ पूर्वींचे बहुतेक प्रोसेसर बसत नाहींत. पडदा स्वच्छ, कळा शाबूत, तरीही यंत्र निवृत्त! अशा कित्येक यंत्रांना लिनक्सनें पुन्हां कामाला लावतां येतें, हें त्या खुल्या पंथाचें मोठें पुण्य आहे. ॲपलच्या नव्या प्रणालींतूनही जुनीं यंत्रें क्रमानें वगळलीं जातात. तेव्हां शरीर किती वर्षें टिकेल याइतकाच, मनाची काळजी किती वर्षें घेतली जाईल, हाही प्रश्न खरेदीच्या वेळींच विचारला पाहिजे.

उरली ती डायनाबुकची गोष्ट. ॲलन के यांच्या स्वप्नाचें तें नांव तोशिबानें १९८९ पासून जपानांत आपल्या लॅपटॉपांस दिलें होतें. २००९ च्या त्या हिशेबांत जवळजवळ अग्रभागीं असलेल्या तोशिबानें २०१८ सालीं या धंद्याचा बहुतांश हिस्सा शार्प कंपनीस विकला, आणि २०२० सालीं उरलेलाही देऊन पस्तीस वर्षांचा संबंध संपविला. चांगलें यंत्र करणारा टिकलाच असें झालें नाहीं. नांव तेवढें राहिलें, तेंही दुसऱ्याच्या घरीं. घराण्याची कीर्ति ही पूर्वजांची पुण्याई असते. तिच्यावर पहिली भेट होते, पण संसार चालत नाहीं. सुज्ञ गिऱ्हाइकानें नांवापाशीं थांबूं नये. तो नमुना एक-दोन वर्षें लोकांच्या हातीं कसा वागला, त्याची बॅटरी बदलून मिळते कीं नाहीं, बिघाड झाल्यास आपल्या गांवांत जबाबदार कोण, आणि प्रणालीची निगा कोणत्या सालापर्यंत राखली जाईल, हें त्यानें विचारावें. आणि इतकें सारें विचारून झाल्यावरही, ज्या मजकुरावांचून आपलें अडेल त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. यंत्र कोणाचेंही असो, तें केव्हां तरी थांबणारें आहे. त्यांत सांठविलेलें मात्र पुन्हां कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं.